पेठेतलं नूतनीकरण केलेलं तीन बिऱ्हाडांचं घर विकत घेताना

तळमजला अधिक दोन मजले, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड, नवी टाइल, नवं किचन, पांढरा रंग, मेट्रो चालत पाच मिनिटांवर. पुण्याच्या शुक्रवार, कसबा, नारायण, सोमवार पेठेत अशी घरं आता विक्रीला दिसतात. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि मंडईच्या आसपासच्या ज्या गल्ल्यांकडे गुंतवणूकदार फिरकत नव्हते, तिथली जुनी घरं वारसांकडून घेऊन, डागडुजी करून विकण्याचा धंदा सुरू झाला. दोन भाऊ आणि आई-वडील अशा कुटुंबांना, किंवा एका मजल्यावर राहून दोन मजले भाड्याने देऊ इच्छिणाऱ्यांना, असं घर खरोखर सोयीचं असतं. फक्त पैसे नेमके कशाचे द्यायचे हे कळायला हवं. पैसे द्यायचे ते जमिनीचे, मंजूर बांधकामाचे, मोकळ्या ताब्याचे आणि भिंतींच्या उरलेल्या आयुष्याचे. रंग आणि टाइल या हिशेबात शेवटी येतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. अशा घराला महारेराचं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचं, संरक्षण जवळजवळ कधीच नसतं. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे नव्या प्रकल्पात बांधकामातल्या दोषांसाठी मिळणारी पाच वर्षांची हमी इथे आपोआप लागू होत नाही. जी हमी हवी, ती खरेदीखतात लिहून घ्यावी लागते.

घरात शिरण्याआधी गल्लीत

टेप घेऊन जा आणि घरासमोरचा रस्ता मोजा. नऊ मीटर हा महत्त्वाचा आकडा आहे. त्याहून अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसरीकडचा विकासहक्क आणून करायचं जास्तीचं बांधकाम) वापरता येत नाही, म्हणजे उद्या घर पाडून नवं बांधायचं ठरलं तर मिळणारं क्षेत्र मर्यादित राहतं. पुढे पुनर्विकासात भरपूर जागा मिळेल म्हणून विकणारा जास्त भाव सांगत असेल, तर हा आकडा आधी पाहा.

त्यानंतर महापालिकेतून विकास आराखड्याचा अभिप्राय, ज्याला सगळे झोन दाखला म्हणतात, तो काढा. त्यात रस्तारुंदीची रेषा घराच्या अंगावरून जाते का ते कळतं. पेठांमध्ये हे फार होतं. दर्शनी भिंतीपासून दीड-दोन मीटर आतून रेषा गेलेली असते आणि नेमक्या त्याच दीड-दोन मीटरवर नवी बाल्कनी आणि दुकानाचं शटर बसवलेलं असतं. तो भाग आज तुमचा आहे, पण पुढच्या बांधकामात त्यावर बांधता येणार नाही.

शनिवारवाड्याच्या आसपास घर असेल तर आणखी एक चौकशी अनिवार्य आहे. शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय बांधता येत नाही. दुरुस्तीलाही परवानगी लागते. तेव्हा १०० मीटरच्या आतल्या 'पूर्ण नूतनीकरण' केलेल्या घराच्या मालकाकडे दुरुस्तीच्या परवानगीचा कागद मागा. तो नसेल तर पुढची सगळी जबाबदारी तुमच्या गळ्यात येते. शंभर मीटर अंदाजाने धरू नका, नकाशावर मोजून घ्या.

नदीकडच्या पेठांत, म्हणजे शनिवार, नारायण, कसब्याच्या खालच्या अंगाला, मुठेची निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या रेषा, तपासा. १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरात या भागातले असंख्य वाडे पडले किंवा खिळखिळे झाले. त्यातले काही डागडुजी करून उभे ठेवले गेले आणि आज त्यांच्यावरच नवा गिलावा चढतो आहे. घराचं वय विचारताना 'पुराच्या आधीचं की नंतरचं' हा प्रश्न शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. कागदावर न मिळणारं उत्तर तिथे मिळतं.

आता शेजारच्या मिळकती पाहा. एखादा मोडकळीला आलेला वाडा लागून आहे का? तो दोन-तीन वर्षांत पडेल, तिथे इमारत येईल, खोल खोदाई होईल आणि तुमच्या घराचा जोता हलू शकतो. शिवाय आज त्या बाजूने येणारा उजेड आणि वारा बंद होईल. शेजारच्या हद्दीवर उघडणाऱ्या खिडक्या किती वर्षांच्या आहेत ते विचारा. उजेड-वाऱ्याचा वहिवाटीचा हक्क सांगायला २० वर्षांचा अखंड उपभोग लागतो. नूतनीकरणात पाडलेल्या नव्या खिडकीला असा कोणताही हक्क नसतो, आणि मधल्या बिऱ्हाडाची बेडरूम बहुधा त्याच एका खिडकीवर अवलंबून असते.

कागद

पेठेत सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं. नगर भूमापन कार्यालयाचं ताजं, सहीशिक्क्याचं प्रॉपर्टी कार्ड घ्या आणि त्यातलं क्षेत्र स्वतः बदलून पाहा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. कार्डावर ९२ चौरस मीटर असेल तर जमीन ९९० चौरस फूट झाली. जाहिरातीत 'बाराशे फुटांचा प्लॉट' लिहिला असेल तर उरलेले दोनशे दहा फूट कुठून आले? बहुतेक वेळा सामाईक बोळ किंवा मागच्या मोरीची जागा धरलेली असते. कार्डावर सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते) आणि इतर हक्कांचा रकानाही नीट वाचा. जमीन देवस्थानाची किंवा सार्वजनिक न्यासाची निघाली तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विक्री होऊ शकत नाही. जुन्या पुण्यात अशा मिळकती कमी नाहीत.

मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा पत्र (बांधकाम झाल्यावर वापराला परवानगी देणारं) हे तीन कागद मागा. मालकाकडे नसतील तर महापालिकेच्या बांधकाम विभागात १० रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज करून प्रती मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून हा अर्ज विसार देण्याआधी करायचा. नकाशा हातात आल्यावर तो घेऊन घरात फिरा आणि प्रत्येक मजला जुळवा. तळमजला आणि पहिला मजला मंजूर, दुसरा मजला मंजुरीशिवाय गच्चीवर चढवलेला, हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. विकणारा तिथे मिळकतकराची पावती पुढे करतो. कराची पावती म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते.

नूतनीकरणाचीही परवानगी लागते का? रंग, गिलावा, फरशी, नळ यांना नाही. भिंत काढणं, तुळई बदलणं, जिना हलवणं, मजला चढवणं यांना लागते. ज्या घरात आधी चार खोल्या होत्या आणि आता एक मोठा हॉल आहे, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग आणि परवानगी दोन्ही असायला हवीत.

मालकीच्या शोधासाठी वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर अलीकडचे दस्त दिसतात, जुन्यांसाठी हवेली तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत वह्या पाहाव्या लागतात. पेठेतल्या घरात खरी गाठ वारसांची असते. आजोबांच्या नावावरचं घर, पाच मुलं, त्यातल्या दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, आणि विक्रीवर सह्या फक्त मुलांच्या. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये त्याबद्दलची उरलीसुरली शंका दूर केली. म्हणून वंशावळ काढा आणि प्रत्येक नावासमोर सही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा मृत्यूचा दाखला यांपैकी एक काहीतरी हवंच. 'बहिणीची काही हरकत नाही' हे तोंडी चालत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसेल तर ते नाही असं समजा.

वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्या, १४ किंवा १५ दिवसांची मुदत ठेवून, आणि ती मराठी दैनिकात द्या, कारण परगावचे वारसही तेच वाचतात. सरसाई या केंद्रीय नोंदवहीत मिळकतीवर कर्जाचा बोजा आहे का तेही पाहता येतं. शिवाजीनगरच्या न्यायालयात आणि लघुवाद न्यायालयात मालकांच्या नावावर दावे आहेत का, हे ई-कोर्ट्सवर नाव टाकून शोधा. स्पेलिंग बदलून तीन-चार वेळा शोधा.

भाडेकरू

या घरांचा भाव ठरतो तो बहुतांशी इथे, आणि बहुतेक फसगतीही इथेच होतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २०००पासून लागू आहे. जुना भाडेकरू, त्याने पागडी दिलेली असो वा नसो, घर विकलं म्हणून जात नाही. त्याचा हक्क घराबरोबर नव्या मालकाकडे येतो. तो वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांना तो हक्क मिळू शकतो. भाडं वाढतं ते वर्षाला चार टक्क्यांनी, म्हणजे आज महिना दोनशे असेल तर पुढच्या वर्षी दोनशे आठ.

नूतनीकरण केलेल्या घरात भाडेकरू दिसत नाहीत, म्हणून ते नाहीत असं धरू नका. कधी कधी 'काम होईपर्यंत दुसरीकडे राहा, झाल्यावर खोली परत देतो' असं सांगून त्यांना बाहेर काढलेलं असतं. ते खरेदीनंतर सहा महिन्यांनी भाडेपावत्या घेऊन दारात उभे राहतात, आणि त्यांची बाजू खरी असते. शोधायचं कसं? महावितरणच्या मीटरवर कोणाची नावं आहेत ती लिहून घ्या. मीटर तीन आणि मालक एक असेल तर बाकी दोन नावं कोणाची? मतदार यादीत त्या पत्त्यावर कोण आहे ते पाहा. मिळकतकराच्या बिलावर भोगवटादार म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला आणि इस्त्रीवाल्याला विचारा, 'इथे आधी कोण राहायचं?'

ज्याने जागा सोडली आहे त्याचा भाडेहक्क सोडल्याचा दस्त नोंदणीकृत असावा आणि त्यावर त्या बिऱ्हाडातल्या सगळ्या सज्ञान माणसांच्या सह्या असाव्यात. फक्त कुटुंबप्रमुखाची सही पुरत नाही. भाडेकरूला पैसे दिले असतील तर बँकेतून दिल्याचा पुरावा मागा.

लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला मजला निराळा. तिथे करार नोंदणीकृत आहे का, मुदत कधी संपते आणि अनामत किती, एवढंच पाहायचं. अनामत तुमच्याकडे वर्ग होत असल्याचं खरेदीखतात आकड्यासह लिहा, नाहीतर ती रक्कम तुम्हाला खिशातून परत करावी लागेल. मुदत संपून न जाणाऱ्याकडून दुप्पट शुल्क मागता येतं आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तळमजल्याच्या दुकानाकडे विशेष लक्ष द्या. पेठेत दुकानाचा भाडेकरू हा घराच्या भाडेकरूपेक्षा घट्ट बसलेला असतो.

भिंत, तुळई, स्लॅब

स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतः निवडा. विकणाऱ्याने आणलेला दाखला वाचायला घ्या, पण त्यावर निर्णय करू नका. इंजिनिअर येण्याआधी तुम्हीही बरंच पाहू शकता.

आधी घर कुठल्या जातीचं आहे ते ओळखा. खिडकीपाशी भिंतीची जाडी मोजा. दीड फूट किंवा जास्त असेल तर दगड-मातीची किंवा पांढऱ्या मातीची भिंत, आत लाकडी खांब. साडेतेरा-चौदा इंच असेल तर दीड विटेची, नऊ इंच असेल तर एका विटेची भार घेणारी भिंत. कोपऱ्यांत खांब बाहेर आलेले असतील आणि भिंती पाच-सहा इंचांच्या असतील तर आरसीसीचा सांगाडा. पेठेत बऱ्याचदा एकाच घरात तिन्ही असतात. खाली जुनी भिंत, मध्ये कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत), वर स्लॅब. या मिश्र घरांचीच जास्त काळजी घ्यावी लागते, कारण वरचं वजन खालच्या कशावर येतं हे रंगाखाली दिसत नाही.

माती आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा हा नूतनीकरणातला सर्वांत नुकसानकारक प्रकार. ही भिंत जमिनीतून ओल ओढते आणि बाहेरच्या पृष्ठभागातून ती सोडते. तिचं आयुष्य त्यावरच चाललेलं असतं. वरून सिमेंट आणि वॉटरप्रूफ रंग लावला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती वर चढते, लोणा लागतो (क्षार फुटून भिंत भुसभुशीत होते), आणि भिंतीतल्या लाकडी खांबाचा तळ कुजायला लागतो. बाहेरून घर नवं दिसत असतं आणि आत खांब मऊ होत असतो. खूण म्हणजे जमिनीपासून दोन-तीन फुटांवर रंगाचे पोपडे. तिथे पोपडे नसतील, पण बैठकीच्या खोलीत तीन-चार फुटांपर्यंतच टाइल किंवा पीव्हीसी पॅनेल लावलं असेल, तर पॅनेल का लावलं ते विचारा आणि एक पट्टी काढून मागे हात फिरवा. योग्य काम कसं असतं? सिमेंट खरवडून काढून चुन्याचा गिलावा, त्यावर चुन्याची किंवा श्वास घेणारी रंगसफेदी, आणि बाहेर जोत्यापाशी पाणी साठू नये म्हणून उतार. कंत्राटदाराच्या बिलात चुना कुठेच नसेल तर उत्तर मिळालं.

फॉल्स सीलिंगच्या वर काय आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन डाउनलाइट खाली काढा, त्या भोकातून मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ घ्या. कडीपाट असेल तर कड्यांची आणि तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे बघा. लाकूड आधी तिथेच कुजतं. हात पोचत असेल तर स्क्रू-ड्रायव्हर दाबा. चांगलं सागवान सहज टोचलं जात नाही. पाव इंच सहज आत गेला तर ते टोक गेलेलं आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. स्लॅब असेल तर खालच्या बाजूला सळईच्या रेषेत तडे, गंजाचे डाग किंवा नव्या मसाल्याचे चौकोन शोधा.

काढलेल्या भिंतींचा तपास टेपने करा. प्रत्येक मजल्यावर बाहेरच्या भिंतीपासून आतल्या भिंतीचं अंतर मोजून कागदावर लिहा. वरच्या मजल्यावरची वीटभिंत खालच्या भिंतीच्या डोक्यावर यायला हवी. खाली हॉल आणि वर बरोबर मध्ये भिंत असेल, तर त्या भिंतीचं वजन नव्या लोखंडी गर्डरवर आहे. गर्डरची टोकं भिंतीवर किती टेकली आहेत ते इंजिनिअरला उघडून पाहायला लावा. आठ-नऊ इंच टेकण आणि खाली दगडाचा किंवा काँक्रीटचा बेड हवा. नुसत्या विटांवर टेकवलेला गर्डर खालची वीट चिरडतो, आणि भिंतीवर तिथून तिरका तडा खाली उतरतो.

फरशीचं ओझं कोणी मोजत नाही, म्हणून इथे थांबून हिशेब करू. जुनी लादी न काढता वर ५० मिलिमीटर मसाला आणि नवी टाइल घातली तर चौरस मीटरला साधारण सव्वाशे किलो वाढतात. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून बांधकाम संहितेप्रमाणे धरायचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो असतो. म्हणजे अर्ध्याहून जास्त ताकद टाइलनेच खाल्ली. जुन्या लादीवर लादी घातली आहे का, हे जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून कळतं. बाकी पायऱ्या सात इंचांच्या आणि शेवटची नऊची असेल तर फरशी दोन इंचांनी चढली आहे. दारं खालून कापलेली असतील तर तोच पुरावा. असंच ओझं गच्चीवरच्या टाक्यांचं. तीन बिऱ्हाडांना हजार-हजार लिटरच्या तीन टाक्या म्हणजे तीन टन. त्या भार घेणाऱ्या भिंतीच्या वर हव्यात, स्लॅबच्या मधोमध नव्हे.

इंजिनिअरकडून आरसीसी भागांवर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी या चाचण्या करून घ्या. ध्वनीलहरीचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या खाली आला तर ते काँक्रीट संशयास्पद. एकट्या हॅमरवर भागवू नका, तो फक्त पृष्ठभाग सांगतो आणि वर नवा मसाला असेल तर चुकीचा आकडा देतो. चाचणीच्या जागी आधी गिलावा खरवडायला लावा. अहवालात 'इमारतीचं अंदाजे उर्वरित आयुष्य' हे वाक्य हवं, कारण बँक तेच विचारते.

शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्ये पाहा. उन्हाळ्यात पाहावं लागलं तर वरच्या मजल्यांच्या न्हाणीघरांत आणि गच्चीवर दोन इंच पाणी साठवून २४ तास ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खालचं छत पाहा. जो मालक याला नाही म्हणतो, त्याचं घर सोडून द्यायला हरकत नाही.

पाणी, वीज, सांडपाणी

तीन बिऱ्हाडांत बारा माणसं धरली आणि माणशी १३५ लिटर धरले तर रोजचे १,६२० लिटर होतात. अर्ध्या इंचाच्या एका नळाला सकाळच्या पाणीवेळेत तेवढं येतं का, हे बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. तळाला किमान तीन हजार लिटरची टाकी नसेल तर एका दिवसाच्या पाणीकपातीत तिन्ही घरांची धावपळ होते.

महावितरणचे मीटर तीन स्वतंत्र हवेत. एक मीटर आणि दोन पोटमीटर असतील तर भाडेकरूंशी दर महिन्याला वाद ठरलेला. बिलावर मंजूर भार वाचा. प्रत्येक घरात एसी आणि गीझर असेल तर एक-दोन किलोवॉट पुरत नाहीत. बोर्ड उघडायला लावा. गीझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची तार, दिव्यांना दीडची, प्रत्येक घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. त्याचं टेस्ट बटण दाबा, तो पडायलाच हवा. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे विचारा. बऱ्याच जुन्या घरांत नवे स्विच असतात आणि मागे अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नसते.

सांडपाण्यासाठी बोळातल्या चेंबरची झाकणं उघडा, तिन्ही मजल्यांवर एकाच वेळी फ्लश करा आणि पाणी किती वेळात निघून जातं ते पाहा. घरातले पाइप नवे आणि बोळातले जुने मातीचे, असं असतं. तुंबतं ते बोळात, आणि उलटं येतं ते तळमजल्याच्या मोरीत. चेंबर शेजाऱ्याच्या हद्दीत असेल तर तो हक्क कागदावर आहे का ते विचारा.

पैशाचा हिशेब

उदाहरणादाखल किंमत २ कोटी ४० लाख धरू. पुणे शहरात मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून सात टक्के, सगळे खरेदीदार महिला असतील तर सहा. नोंदणी शुल्क ३० हजार. म्हणजे १७ लाख १० हजार. किंमत आणि सरकारी वार्षिक मूल्यदर यांत जे जास्त असेल त्यावर शुल्क लागतं.

७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ७५ टक्के देते, आणि ते विक्रेत्याच्या किमतीवर नव्हे, तर स्वतःच्या मूल्यांकनावर. दुसरा मजला नकाशात नसेल तर बँक तो धरणार नाही. मूल्यांकन १ कोटी ६० लाख झालं तर कर्ज १ कोटी २० लाख. तुम्ही घरातून ७७ लाख घालायच्या तयारीने आलेले असता, आणि प्रत्यक्षात १ कोटी ३७ लाख लागतात. हा धक्का विसार दिल्यावर बसला तर विसार बुडतो. म्हणून बँकेचं तांत्रिक मूल्यांकन आधी करून घ्या. अनधिकृत मजल्याला भाव देऊ नका. पाडायचा खर्च धरला तर त्याची किंमत उणे आहे.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस (विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून कापायचा प्राप्तिकर) तुम्ही कापून भरायचा असतो. पाच वारस विकत असतील तर प्रत्येकाच्या पॅनवर, त्याच्या हिश्श्याप्रमाणे वेगळा. त्यातला एखादा भाऊ अमेरिकेत असेल तर त्याच्या हिश्श्याला हा एक टक्क्याचा नियम लागत नाही, कपात बरीच जास्त असते. सीएला आधी विचारा, कारण कमी कापलेला कर नंतर तुमच्याकडून वसूल होतो.

करार

विसारपावतीत विसार परत मिळण्याच्या अटी लिहा. बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या आकड्याखाली आलं, मंजूर नकाशा मिळाला नाही, वारसाची हरकत आली किंवा भाडेकरू निघाला तर अमुक दिवसांत पूर्ण परत. मग साठेखत (विक्रीचा करार), मग खरेदीखत. नोटरीच्या कागदावर मालकी येत नाही. खरेदीखतात मजलेवार क्षेत्र, सामाईक भिंती कोणत्या, बोळाचा वापर, सांडपाण्याची वाट, मोकळा आणि प्रत्यक्ष ताबा, आणि गळती व बांधकामातल्या दोषांची ठरावीक मुदतीची लेखी हमी असावी. हमीला वजन यावं म्हणून थोडी रक्कम एक पावसाळा होईपर्यंत वकिलाकडे ठेवायची अट घालून पाहा. मालक ती क्वचितच मान्य करतात, पण ती मागितल्यावर घराबद्दल ते काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

तीन भावांनी किंवा तीन कुटुंबांनी मिळून घ्यायचं असेल तर एवढ्या छोट्या घरात सोसायटी होत नाही. जमिनीतला हिस्सा प्रत्येकाचा किती, कोणता मजला कोणाचा, गच्ची कोणाची, टाकी दुरुस्ती आणि जिन्याच्या दिव्याचा खर्च कसा वाटायचा, एकाने विकायचं ठरवलं तर आधी कोणाला विचारायचं, आणि घर पाडून नवं बांधायला किती जणांची संमती लागेल, हे सगळं खरेदीच्याच वेळी लिहून नोंदवा. गच्चीचा मुद्दा राहून जातो आणि पुढे त्यावरूनच सगळ्यांचं बोलणं बंद होतं.

खरेदीनंतर

नोंदणी झाल्यावर नगर भूमापनात फेरफार, महापालिकेत मिळकतकराला नाव, महावितरण आणि नळजोड, या क्रमाने करा. स्वतः राहत असाल तर पीटी-३ अर्ज भरून ४० टक्के सवलत घ्या. भाड्याने दिलेल्या मजल्यांना ती लागू होत नाही, म्हणून मजल्यांची आकारणी वेगवेगळी करून घेणं फायद्याचं ठरतं.

शेजारचा वाडा पाडायला सुरुवात होण्याआधी तुमच्या घराच्या त्या बाजूच्या भिंतीचे, जोत्याचे आणि जिन्याचे तारीख दिसतील असे फोटो काढा. जुन्या तड्यांवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही टोकांना चिकटवून त्यावर तारीख लिहा. तडा हलला की काच तुटते. बिल्डरला खोदाईच्या आधी लेखी कळवा, प्रत महापालिकेच्या बांधकाम विभागाला द्या आणि खोदाईला आधार कसा देणार याचं ड्रॉइंग मागा. काच तुटली तर त्याच दिवशी काम थांबवायचा अर्ज करा, आणि तुमचा इंजिनिअर येऊन पाहीपर्यंत त्या भिंतीलगतच्या खोलीत कोणाला झोपू देऊ नका.